प्रश्न विचारा, मग प्रमाणपत्र द्या

डिसेंबरातली सकाळ. एका विद्यापीठाच्या आवारात राज्यभरातल्या विद्यार्थ्यांची संशोधन परिषद भरली होती. सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात पोस्टरांच्या रांगा लागल्या होत्या. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीशेजारी, सोलापूरकडची एक मुलगी उभी होती. बीएस्सीचं दुसरं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आदल्या रात्री फ्लेक्सच्या दुकानात फॉन्ट बदलला गेला आणि ‘ज्वारी’तलं जोडाक्षर फुटलं. पुन्हा छापायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. मग पोस्टरवर जिथं जिथं ‘ज्वारी’ होतं तिथं तिथं तिनं काळ्या मार्करनं अक्षर नीट करून घेतलं होतं.

तिचा विषय होता ज्वारीची कडक भाकरी. तिच्या आईच्या बचत गटाचे काही पुडे दुकानदारानं परत पाठवले होते, बुरशी लागली म्हणून. काही पुडे मात्र महिनोन्‌महिने छान राहिले. पीठ तेच, तवा तोच, हात तेच. मग फरक कुठं पडला? हा प्रश्न घेऊन तिनं भाकऱ्या चार तऱ्हांनी ठेवल्या: सुती फडक्यात, बटर पेपरात, प्लास्टिकच्या पिशवीत आणि पत्र्याच्या डब्यात. रोज सकाळी वजन करायचं, रोज संध्याकाळी भिंगाखाली बघायचं आणि बुरशीचा पहिला ठिपका कधी दिसला ते वहीत लिहायचं. फडक्यातली भाकरी सगळ्यात जास्त टिकली. भाकरी पुरती निवायच्या आत बांधलेल्या प्लास्टिकच्या पुड्याला सगळ्यात आधी बुरशी आली, कारण वाफ आतच कोंडली गेली.

परीक्षक आले. हातात गुणपत्रिका. एकानं विचारलं, “यात नावीन्य काय?” तिनं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यांनी घड्याळात बघितलं, म्हणाले, “भाकरीवर काय संशोधन करायचं?” सही झाली, दोघं पुढच्या पोस्टरकडं गेले. सगळा प्रकार दीड मिनिटाचा. मी शेजारी उभा होतो. तिच्या वहीची पानं उलटून बघावीत असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

नंतर शेजारच्या पोस्टरपाशी उभा असलेला मुलगा आला. रत्नागिरीकडचा, भौतिकशास्त्राचा. त्यानं सगळं वाचलं. मग म्हणाला, “तू हे कुठल्या हवेत मोजलंस? आमच्याकडं जुलैत डब्यातले पापडसुद्धा सादळतात.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “नाही रे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” मार्करचं टोपण काढलं आणि आपल्याच पोस्टरच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं: ‘पावसाळा?’

दिवसभरात त्या आवारात भाषणं झाली, सत्कार झाले, बक्षिसं वाटली गेली. पण संशोधन घडलं ते एवढ्या एका ठिकाणी, त्या प्रश्नचिन्हापाशी. मला एवढंच सांगायचं आहे: विद्यार्थ्याला टाळ्या देऊ नका, प्रश्न द्या.

दिवा लावा, पण लवकर

कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन सकाळी दहाला होतं. पाहुणे पावणेबाराला आले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल, श्रीफळ, रोपटं, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप. मुलं सकाळी सातपासून पोस्टरपाशी उभी. काहीजणांनी रात्रभर एसटीत डुलक्या घेतलेल्या. प्रत्येक वक्त्यानं सांगितलं की देशाचं भवितव्य तरुण संशोधकांच्या हातात आहे. त्या तरुण संशोधकांच्या वाट्याला मात्र दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास उरले, आणि त्यातलाही अर्धा वेळ परीक्षकांची वाट बघण्यात गेला.

माझी मागणी साधी आहे. उद्घाटन पंधरा मिनिटांत आटपा. पाहुण्यांना व्यासपीठावर बसवू नका, पोस्टरांच्या रांगेत फिरवा. ज्यांना तरुणांच्या संशोधनाचं कौतुक आहे त्यांनी तीन पोस्टरं पुरती वाचावीत आणि तीन मुलांशी बोलावं. भाषणापेक्षा हा मान मोठा आहे, आणि मुलांनाही तोच हवा असतो. रोपट्याऐवजी पाहुण्यांच्या हातात एक वही द्या आणि जाताना त्यांनी कोणते तीन प्रश्न विचारले ते लिहून घ्या.

१०५ माणसं, ३५ निबंध

भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भरलं. अध्यक्ष होते आशुतोष मुखर्जी. तीन दिवस, सहा विभाग, १०५ उपस्थित आणि ३५ निबंध. हिशेब करा: एका निबंधामागे तीन ऐकणारे, आणि ऐकायला तीन दिवस. त्या काळी देशात प्रयोगशाळा थोड्याच होत्या. पण जे काही होतं ते बसून ऐकायला माणसं होती.

याच काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात झालं. पुढच्या जानेवारीतलं अधिवेशन ठरल्या वेळी भरलंच नाही. देशपातळीवरचा मोठा मांडव असा मोकळा पडत असेल, तर विद्यापीठाच्या आवारातल्या छोट्या मांडवाचं मोल वाढतं. मुलांना आपलं काम चारचौघांत मांडायला जवळची जागा तीच आहे.

आपल्या राज्यात अशी जागा आहे. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती; त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ साली ‘आविष्कार’ ही संशोधन परिषद सुरू झाली. आधी महाविद्यालय आणि जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्या. मानव्यविद्या आणि भाषा, वाणिज्य आणि विधी, मूलभूत विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक आणि औषधनिर्माण असे सहा गट. पदवीच्या पोरापासून पीएचडीच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांना दार उघडं. कल्पना उत्तम आहे. ऊसशेतीवर काम करणारा मुलगा आणि कायद्याची विद्यार्थिनी एका मांडवात उभे राहतात, ही गोष्ट आपल्याकडं एरवी कुठं घडते? तिचं सोनं करायचं की ती उरकायची, हे प्रत्येक पायरीवरच्या माणसांच्या हातात आहे. खालच्या पायरीवर ऐकणारं कोणी नसेल तर वरच्या पायरीवर जाणारा विद्यार्थी चांगला बोलणारा असेल, चांगला शोधणारा असेलच असं नाही.

परीक्षक, जरा बसा

परीक्षकांवर सगळा दोष टाकून चालणार नाही. एका दुपारी साठ-सत्तर पोस्टरं तपासायची म्हटली तर माणूस दीड मिनिटाच्या वर थांबूच शकत नाही. हा गुन्हा आयोजकांचा. पोस्टरांची संख्या वाढली की अहवाल जाड होतो, म्हणून संख्या वाढवत नेली जाते. परीक्षक मात्र तेवढेच राहतात.

पण परीक्षकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ‘यात नावीन्य काय?’ हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला विचारू नका. जगात कोणीच केलं नाही असं काम एकोणीस वर्षांच्या मुलानं करावं, ही अपेक्षाच चुकीची. त्याला विचारा: हे तुला का करावंसं वाटलं? काय चुकलं? चुकलं तेव्हा काय केलंस? कुठला आकडा तुला अजून पटत नाही? या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं नसतात. ज्यानं काम खरंच केलंय तो या प्रश्नांनी खुलतो. ज्यानं केलं नाही त्याचं तिथल्या तिथं कळतं.

दुसरी गोष्ट. ‘मला माहीत नाही’ या उत्तराला गुण द्या. आपल्या मुलांना शाळेपासून शिकवलेलं असतं की उत्तर येत नसेल तरी काहीतरी लिहून ये, कोरं सोडू नको. संशोधनात ही सवय घातक आहे. माहीत नसलेलं माहीत आहे असं दाखवणं म्हणजे पुढच्या खोट्या आकड्याची पहिली पायरी. सोलापूरच्या मुलीनं ‘हे माझ्या डोक्यातच आलं नाही’ म्हटलं, त्या क्षणी तिला पहिलं बक्षीस द्यायला हवं होतं.

शीर्षकातली गर्दी

रांगेतून फिरताना मी शीर्षकं वाचत गेलो. ‘चिकित्सक अभ्यास’, ‘विशेष संदर्भासह’, ‘एक दृष्टिक्षेप’, ‘समस्या आणि उपाय’. एका पोस्टरचं शीर्षक चार ओळींचं होतं आणि खाली सत्तावीस मुद्दे. तीन वेळा वाचूनही मुलाचा प्रश्न कुठला ते मला सापडेना. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “सर, आमच्या गावातल्या बाया रेशनच्या दुकानात पावती का मागत नाहीत, ते बघायचं होतं.” अरे, हेच लिही ना वर! एवढा जिवंत प्रश्न, आणि तो ‘ग्रामीण भागातील सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा चिकित्सक अभ्यास’ या पोत्यात कोंबलेला. त्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं म्हणे, साधं शीर्षक ठेवलं तर निवड होत नाही.

मार्गदर्शकांनो, मुलाच्या तोंडचं वाक्य हेच शीर्षक ठेवा. ज्या प्रश्नाला ‘का’ नाही तो प्रश्न परत पाठवा. ‘अभ्यास’ हा शब्द शीर्षकात लिहून अभ्यास होत नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली एक स्पर्धा सुरू केली: प्रबंध तीन मिनिटांत सांगायचा, मागं एकच स्थिर चित्र, बाकी काही नाही. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतात, आणि त्यातलं सार तीन मिनिटांत एखाद्या अनोळखी माणसाला कळलं पाहिजे. आता ही स्पर्धा देशोदेशी होते. मला त्यातली शिस्त आवडते, कारण तीन मिनिटांत पोकळ शब्दांना जागाच राहत नाही. आपल्याकडं प्रत्येक महाविद्यालयानं दर महिन्याच्या एका शनिवारी हे करावं. खर्च शून्य. एक खोली, एक फळा, एक घड्याळ. पण एक अट घालावी: बोलणं तीन मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं.

चाळीस पानं

प्रबंधाची किंमत जाडीवर मोजणाऱ्यांना जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगावी लागेल. माहेरच्या भागवत; लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई घरी परतल्या नाहीत. नकाराचं कारण सांगा म्हणाल्या, हटून बसल्या आणि एक वर्षाच्या अटीवर का होईना, प्रवेश मिळवला. पुढं केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम-सी हे प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली पीएचडी मिळवली. प्रबंध किती पानांचा? फक्त चाळीस पानांचा.

चाळीस पानं! आपल्याकडं चाळीस पानं तर ऋणनिर्देश, प्रस्तावना आणि व्याख्यांतच संपतात. मुंबईला परतल्यावर कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. ताडाची नीरा! गरिबाच्या पेल्यातली गोष्ट केंब्रिजहून आलेल्या बाईंना संशोधनाला हलकी वाटली नाही. आणि आमच्या परीक्षकाला भाकरी हलकी वाटते. भाकरीवर काय संशोधन करायचं असं विचारणाऱ्या प्रत्येकानं एकदा हे नीरेचं काम डोळ्यांपुढं आणावं. जे आपण रोज खातो, पितो, वापरतो त्याचं नीट उत्तर आपल्याकडं नसेल, तर संशोधनाला त्याहून चांगली जागा कुठली?

पैसे भरा, छापून घ्या

परिषदेच्या दारातच एक माणूस पत्रकं वाटत होता: तीन दिवसांत शोधनिबंध छापून देतो, प्रमाणपत्रासह. मुलं पत्रक घडी घालून खिशात ठेवत होती. पोस्टरला प्रश्न विचारणारं कोणी नाही, छापायला मात्र माणूस दारात उभा. हा रोग जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावं एका फटक्यात काढली. मग दर्जा पारखण्यासाठी ‘केअर’ नावाची यादी आली, तिचं बरंचसं काम पुण्यातून चालायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगानं तीही यादी बंद केली आणि दर्जा बघायची जबाबदारी संस्थांवर टाकली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत आधीच गेली होती.

याद्या येतील, जातील. पण यादीत नाव बघून निबंधाची किंमत ठरवायची सवय लागली की निबंध वाचायची गरज उरत नाही, आणि वाचायची गरज उरली नाही की दुकानं निघतातच. दुकान बंद करायचा उपाय यादीत नाही, वाचण्यात आहे. विभागातल्या चार शिक्षकांनी विद्यार्थ्याचा निबंध समोर बसून वाचला, त्याच्या वहीशी आकडे ताडून बघितले, तर पत्रक वाटणाऱ्याचा धंदा आपोआप बसेल.

तेच उसनवारीचं. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढं दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या. शेवटच्या पायरीवर नोंदणीच रद्द. मुलांनी यातून काय घेतलं? ‘दहा टक्के चालतं.’ साम्य तपासणारं मशीन शब्द मोजतं, विचार मोजत नाही. शब्द फिरवून दुसऱ्याचा विचार आपल्या नावावर लावला तर मशीन गप्प बसतं. पण समोरच्या माणसानं ‘हे तुला कसं सुचलं?’ असं विचारलं, की उसना विचार लगेच अडखळतो. चोरी पकडायलाही प्रश्नच हवा.

कुठल्या भाषेत?

परभणीकडचा एक मुलगा इंग्रजीत सादरीकरण करत होता. पाठ केलेलं. मध्येच एक ओळ विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी म्हटलं, मराठीत सांग. त्याच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल तो असा बोलायला लागला, की शेजारची तीन मुलं आपापली पोस्टरं सोडून ऐकायला आली. अळी बोंडात कधी शिरते, सापळ्यात पतंग रात्री किती वाजता सापडतात, वडिलांनी फवारणी कधी केली आणि ती कशी वाया गेली, सगळं त्याला येत होतं. भाषा बदलली आणि त्याचं ज्ञान दिसायला लागलं.

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. जगाचं वाचायला इंग्रजी लागते, जगाला सांगायलाही लागते. पण विचार ज्या भाषेत झाला त्या भाषेत आधी मांडू द्या. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं तेव्हा रसायन, भूगोल आणि पदार्थविज्ञान मराठीत आणायला तयार परिभाषा नव्हती. त्यांनी वाट बघितली नाही. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद हेच काम नेटानं करते आहे. आणि आज आमच्या या संशोधन परिषदेच्या नियमपत्रिकेत तोंडी सादरीकरणाच्या भाषेपुढं एकच शब्द छापलेला असतो: इंग्रजी. तिथं ‘इंग्रजी, मराठी किंवा हिंदी’ असं लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. मार्गदर्शकाच्या मनाची तयारी तेवढी लागते.

टक्क्यांची चाळणी

आता पदवी चार वर्षांची होते आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के हवेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात आहे. फील्ड प्रोजेक्टही आले. म्हणजे येत्या काही वर्षांत या मांडवांत पोस्टरं कितीतरी पटींनी वाढणार.

मला भीती दोन गोष्टींची वाटते. एक, पंचाहत्तर टक्क्यांची चाळणी पाठांतराला वर काढेल आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला खाली टाकेल. ज्याला परीक्षेत बासष्ट मिळाले पण जो आपल्या गावच्या विहिरीची पातळी वर्षभर मोजतो, त्याचं काय? त्याला संशोधनाचं दार बंद करू नका. दोन, प्रोजेक्ट सक्तीचा झाला की तो विकतही मिळायला लागेल. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून तयार प्रोजेक्ट मिळतात, हे शिक्षकांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे. उघडपणे बोलत कोणी नाही. आपण बोलू या. या दुकानांना हरवायचा एकच मार्ग आहे: प्रत्येक प्रोजेक्टवर प्रत्येक विद्यार्थ्याशी शिक्षकाचं पंधरा मिनिटं समोरासमोर बोलणं. आणि त्यासाठी वर्गांत शिक्षक हवेत. रिकाम्या जागा भरा. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावणाऱ्या मास्तरांकडून पंधरा मिनिटं कुठून आणणार? हा सगळा डोलारा त्या पंधरा मिनिटांवर उभा आहे.

गुंडाळलेलं पोस्टर

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. मुलांनी फोटो काढले. मग पोस्टरं उतरवली. काहींनी गुंडाळी करून काखेत मारली, काहींनी तिथंच टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई करणाऱ्या बायका फ्लेक्स गोळा करून नेत होत्या. घरावर ताडपत्रीसारखा टाकायला बरा पडतो, एक जण म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. विद्यापीठाचं चुकलं. त्या फ्लेक्सवर एखाद्या गावच्या पाण्याची, एखाद्या पिकाच्या रोगाची, एखाद्या बोलीतल्या शब्दांची वर्षभराची मोजणी होती, आणि तिची एकही प्रत कुठं राहिली नाही.

पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जातात, देशातला कोणीही ते उघडून वाचू शकतो. पदवीच्या मुलांच्या कामाला असं ठिकाण नाही. प्रत्येक विद्यापीठानं एवढं करावं: पोस्टर, त्यामागची आकड्यांची वही आणि त्या दिवशी विचारले गेलेले प्रश्न, तिन्ही जपावेत. पुढच्या वर्षीच्या मुलानं आधी हे उघडावं आणि कुणाचा तरी अर्धा राहिलेला प्रश्न उचलावा. दर वर्षी शून्यापासून सुरुवात करायची आणि दर वर्षी शून्यावर संपवायचं, याला संशोधन म्हणत नाहीत. एका वर्षाची वही दुसऱ्या वर्षाच्या हातात गेली पाहिजे.

पहिला ठिपका

त्या दिवशी सोलापूरच्या मुलीला बक्षीस मिळालं नाही. निघताना तिनं त्या रत्नागिरीच्या मुलाचा नंबर घेतला आणि माझाही. पोस्टर गुंडाळलं, वर रबर लावलं आणि एसटी स्टँडकडं चालू लागली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा निरोप आला. आईनं एकाच दिवशी, एकाच पिठाच्या भाकऱ्या थापल्या, तीन दिवस वाळवल्या आणि पुरत्या निवल्यावरच पुडे बांधले. निम्मे पुडे तिनं ठेवून घेतले, निम्मे पार्सलनं रत्नागिरीला पाठवले. फडकं, बटर पेपर, प्लास्टिक, डबा, सगळं तेच. दोघं रोज सकाळी आठ वाजता वजन करत होते आणि आकडे एकमेकांना पाठवत होते. त्यानं स्वतःच्या पैशानं हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलं होतं. दोघांच्या या कामाला ना गुण होते, ना प्रमाणपत्र.

निरोपासोबत एक फोटो होता. रत्नागिरीचा, फडक्यातल्या भाकरीचा. कडेला करड्या रंगाचा एक बारीक ठिपका, शेजारी शाळेतली पट्टी ठेवलेली. डिसेंबरात सोलापूरच्या कोरड्या हवेत जे फडकं भाकरीतलं पाणी बाहेर सोडत होतं, तेच फडकं कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत घेत होतं. सोलापुरात पहिला आलेला पुडा रत्नागिरीत शेवटचा आला. निवल्यावर घट्ट बंद केलेली प्लास्टिकची पिशवी अजून कोरी होती.

खाली तिनं लिहिलं होतं: “सर, माझा डिसेंबरचा निष्कर्ष फक्त सोलापूरपुरता खरा होता. पोस्टर बदलते आहे.”